सासऱ्यांची गाडी आणि माझी मुलाखत

जुन्या गाड्या ठोकून, रंगवून, धुऊन-पुसून नव्यासारख्या करणाऱ्या एका वर्कशॉपला मॅनेजर हवा होता, आणि मला गाड्यांबद्दल जे काही ठाऊक होतं ते सगळं मागच्या सीटवर बसून मिळवलेलं होतं. तरीही मी अर्ज केला. मी ज्या कंपनीच्या काउंटरवर बसून बिघडलेल्या मिक्सरांच्या आणि फ्रीजच्या तक्रारी ऐकत होतो, तिने आमची शाखा बंद करायचं ठरवलं होतं. अशा वेळी माणूस जाहिरात शेवटपर्यंत वाचत बसत नाही. आश्चर्य एवढंच, की तिकडून बोलावणं आलं. पुढच्या सोमवारी, सकाळी.

“तयारी करा,” बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पायऱ्यांसकट द्यावं लागतं. तिने जेवणाच्या टेबलापलीकडे खुर्ची ओढली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि एकदम गाडीची मालकीण झाली.

“माझ्या गाडीच्या दाराला पोचा पडलाय. किती दिवसांत काढून द्याल?”

“ते पोच्यावर अवलंबून आहे.”

“पोचा एवढा आहे.” तिने डब्याचं झाकण वर धरलं.

“मग ते गाडीवर अवलंबून आहे.”

“अहो, बाथरूमच्या नळाबद्दल विचारलं तरी तुम्ही हेच म्हणता! आजवर एखाद्या गाडीला हात तरी लावलाय का?”

“हात दाखवलाय. टॅक्सीला.”

तिने झाकण डब्यावर लावलं आणि मुलाखत संपल्याचं जाहीर केलं. पण मला तिचं म्हणणं लागलं होतं. पुस्तकं वाचून पोहायला शिकणाऱ्या माणसासारखा मी सोमवारी जाऊन बसणार होतो. आधी एखादी तरी गाडी आपल्या हातांनी नवी केली पाहिजे, असं मी ठरवलं. आणि आमच्या ओळखीत नवी करण्याइतकी जुनी गाडी एकाच माणसाकडे होती.

माझे सासरे शेजारच्याच इमारतीत राहतात, पण त्यांची गाडी आमच्या पार्किंगमध्ये असते, कारण आमच्याकडे सावली चांगली आहे. गाडी चंदेरी. रोज सकाळी ते येतात, गाडी सुरू करतात, इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकतात आणि बंद करून, कुणाची तरी तब्येत विचारून आल्यासारखे समाधानाने परत जातात. मागच्या दाराला पोचा, पुढच्या दारावर ओरखडे, दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळट, आणि आत एक वास.

“वास नाही तो,” सासरे म्हणाले. “स्वभाव आहे गाडीचा. आणि जावईबापू, तुम्ही तिला हात लावणार म्हणजे नक्की काय करणार?”

“नवी करणार, अण्णा.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मुलीचा हात माझ्या हातात देतानाही त्यांनी एवढा विचार केला नव्हता. शेवटी किल्ली काढून दिली, पण तिचं दुसरं टोक लगेच सोडलं नाही.

सुरुवात दिव्यांपासून केली, आणि हीच मोठी चूक झाली, कारण ते काम जमलं. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून टूथपेस्ट घेऊन पिवळट दिवे घासले, तर ते खरंच उजळले. मी स्वतःला त्यांच्यात पाहिलं. मला मॅनेजर दिसला.

तेवढ्यात मागून आवाज आला, “ब्रश गोल फिरवा. आडवा घासू नका.” तळमजल्यावर दवाखाना असलेले आमचे दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे पेशंट फारसे नसतात, त्यामुळे त्यांचा उत्साह साठून राहतो. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि मागच्या दारापाशी थांबले.

“हा डेंट. आणि मी कोण? डेंटिस्ट. मला विचारल्याशिवाय तुम्ही सुरुवातच कशी केलीत?”

या युक्तिवादात काहीतरी चुकत होतं, पण त्यांच्या आवाजात असा अधिकार होता, की मी आपोआप तोंड उघडलं.

त्यांची पद्धत अशी होती: दारावर गरम पाणी ओतायचं, तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा रबरी पंप पोच्यावर दाबायचा आणि दोघांनी मिळून ओढायचं. आम्ही ओढलं. ‘टॉक’ असा आवाज झाला आणि पोचा नाहीसा झाला! डॉक्टरांनी मला मिठी मारली. मिठीतूनच मला दुसरं ‘टॉक’ ऐकू आलं. पोचा वीतभर खाली, हँडलच्या मागे उगवला होता. आम्ही तिथे पंप लावला. तो वरच्या कोपऱ्यात गेला. तिथून हुसकावला तर बराच वेळ बाहेरच आला नाही. आम्ही चहाही घेतला. परत येऊन पाहतो तर दाराच्या खालच्या काठाशी, आधीपेक्षा ऐसपैस जागा बघून, अंग पसरून बसलेला. डॉक्टर म्हणाले, “अक्कलदाढेसारखा आहे. तिथे त्रास देत नसेल तर राहू द्या.”

मग वास. या विषयावर आमच्या इमारतीत एवढे जाणकार राहतात हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, व्हिनेगर. बायको म्हणाली, कॉफीची पूड. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातून जाता जाता म्हणाले, कांदे चिरून ठेवा, सगळा वास ओढून घेतात. सेक्रेटरी कुठलीही गोष्ट ठराव वाचल्यासारखी बोलतात, त्यामुळे नाकारता येत नाही. कुणाचं मन मोडायला नको म्हणून मी तिन्ही गोष्टी एकदम आत ठेवल्या, काचा घट्ट लावल्या आणि गाडी दिवसभर उन्हात उभी केली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा एखाद्या हॉटेलने आत जीव दिल्यासारखं वाटलं. मूळचा वास तिथेच होता. आता त्याला सोबत मिळाली होती.

“सीट धुवायला हवी,” डॉक्टर रुमालातून म्हणाले.

मागची सीट बोल्ट काढून सोडवली. ती दोन तुकड्यांत निघाली, म्हणून जिन्याने वर आमच्या बाथरूममध्ये नेता आली. आम्ही तिला आंघोळ घातली. तिने एवढं पाणी पोटात घेतलं, की दोघांना उचलवेना; फरफटत हॉलमध्ये आणली आणि पंख्याखाली ठेवली. संध्याकाळी सासरे चौकशीला आले. दुसरीकडे जागा असूनही सवयीने आपल्या गाडीच्या सीटवर बसले आणि उठले तेव्हा मागून चिंब झाले होते. नुसते मागे हात लावून घरी गेले. जाताना भिंतीच्या कडेकडेने गेले.

सीट सुकल्यावर डॉक्टरांना तिच्या दोन तुकड्यांमधली फट खटकली. मी ऑफिसात होतो. मी परत येईपर्यंत त्यांनी खालून लोखंडी पट्ट्या मारून दोन्ही तुकडे एकजीव केले होते.

“ब्रिज बसवलाय,” ते घाम पुसत म्हणाले. “आता आयुष्यात हलणार नाही.”

ते खरं ठरलं. एकजीव झालेली सीट आमच्या दारातून बाहेर जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. तिरकी असताना ती दारात अशी अडकली, की बायको शाळेतून आली तेव्हा तिला सीटखालून रांगत घरात यावं लागलं. आत आल्यावर तिने पदर झटकला आणि एकच प्रश्न विचारला, “मोजलं होतं का?” गणिताच्या शिक्षिकेशी लग्न केलेल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. पट्ट्या काढायला गेलो, तर डॉक्टरांनी बोल्टांवर कसलंसं दवाखान्यातलं सिमेंटही भरलं होतं. शेवटी सीट मागे ओढून हॉलमध्येच ठेवली.

तरीही मी खचलो नाही. ओरखडे राहिले होते. रंगाच्या दुकानात जाऊन म्हटलं, “चंदेरी द्या.”

“कुठला चंदेरी?” दुकानदाराने एक पट्टी उलगडली. तिच्यावर चंदेरी रंगाचा अख्खा गोतावळा होता: निळसर, राखाडी, पिवळट, चमच्यासारखा, चमचा धुतल्यावर दिसतो तसा. मी डोळे मिटून गाडी आठवली आणि एकावर बोट ठेवलं. आठवण आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पार्किंगमध्ये कळलं. ओरखड्यावर मारलेला फवारा ओरखड्यापेक्षा उठून दिसू लागला. म्हणून त्याच्या कडा मिसळायला थोडा आजूबाजूला मारला. मग त्या कडा मिसळायला आणखी आजूबाजूला. असं करत करत मी दाराच्या चारही काठांना पोचलो आणि दार संपलं म्हणून थांबलो. आता ते दार स्वतंत्र वाटत होतं. दुसऱ्या गाडीकडून पाहुणं आल्यासारखं.

त्या दिवशी वारा होता. फवाऱ्यातला जो रंग दारावर बसला नाही तो कुठे गेला, याचा मी विचार केला नव्हता. तो शेजारी उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या काळ्या स्कूटरवर गेला होता. स्कूटर तारांगणासारखी दिसत होती. मला तर ती आधीपेक्षा बरी वाटली, पण सेक्रेटरींनी सौंदर्याच्या बाजूने विचार केला नाही.

“पार्किंगमध्ये वाहन दुरुस्तीला मनाई आहे,” ते म्हणाले.

“ही दुरुस्ती नाही, साहेब. नूतनीकरण आहे.”

“नूतनीकरणाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.” त्यांनी वाकून गाडीत पाहिलं. “मागची सीट कुठाय?”

“घरी आहे. आराम करतेय.”

“म्हणजे ही गाडी नव्हे. बसायला जागा नाही ते भंगार. भंगार ठेवायला मनाई आहे. मी उचलायला सांगतो.”

हे शब्द सासऱ्यांच्या कानावर पडले, कारण ते नेमके तेव्हाच इंजिनाची तब्येत विचारायला येत होते. त्यांच्या गाडीला आजवर कुणी भंगार म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला प्रथमच खरोखर भीती वाटली. मी एका नोकरीच्या नादात म्हाताऱ्या माणसाचं लाडकं काहीतरी मोडून ठेवलं होतं, आणि ती नोकरीही अजून हातात नव्हती.

“चालणाऱ्या गाडीला भंगार म्हणता?” सासरे शांतपणे म्हणाले. “बसा. फिरवून आणतो.”

“अवश्य. पाहणी केल्याशिवाय मी निर्णय देत नाही. सोमवारी सकाळी मला वेळ आहे. गाडी बाहेर जाऊन परत आली तर वाहन. नाही आली तर भंगार.”

“सोमवारी सकाळी माझी मुलाखत आहे,” मी कसाबसा म्हणालो.

“उत्तम,” सासरे म्हणाले. “तुम्हालाही सोडतो.”

मी टॅक्सीने जातो म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. पण तसं करणं म्हणजे गाडीवर अविश्वास दाखवणं झालं असतं, आणि गाडीचा मी आधीच पुरेसा अपमान केला होता. तर सोमवारी सकाळी अशी मिरवणूक निघाली: सासरे चालवत होते, पुढच्या सीटवर सेक्रेटरी, मांडीवर नियमांची फाईल घेऊन, आणि मागे, जिथे सीट असते तिथे, लोखंडी पत्र्यावर गादीची घडी टाकून मी. इस्त्रीचा शर्ट, टाय आणि हनुवटीला लागलेले गुडघे. मी सेक्रेटरींना जागा बदलण्याबद्दल सुचवलं. ते म्हणाले, पाहणी समोरून करावी लागते.

सिग्नलला शेजारच्या बसमधल्या एका बाईंनी खाली वाकून मला पाहिलं आणि हळहळून मान हलवली. बहुधा त्यांना वाटलं, मला कुठेतरी दाखल करायला नेत आहेत.

वर्कशॉपच्या फाटकावर वॉचमनने गाडी थांबवली, भोवती फिरला आणि सहानुभूतीने विचारलं, “कशी टक्कर झाली हो?”

“टक्कर नाही,” सासरे म्हणाले. “जावई.”

मी मागून कसाबसा उलगडत बाहेर आलो आणि वळून न पाहता ऑफिसचा जिना चढलो.

मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील. चष्मा केसांवर, हाताला ग्रीसचा डाग, आणि टेबलाशेजारी काचेची मोठी खिडकी, तिच्यातून खालचं सगळं वर्कशॉप दिसत होतं. मी खिडकीकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली.

“पोचा काढायला किती वेळ धराल?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर होतं. त्यात दाब होता, तापमान होतं, पत्र्याची जाडी होती. पण तोंडातून निघालं, “पोचा निघत नाही, बाई. तो जागा बदलतो.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग रंगाबद्दल विचारलं. मी म्हणालो, रंगाला सुरुवात असते, शेवट कुठे आहे ते वाऱ्यावर आहे. मला माझंच बोलणं दुरून ऐकू येत होतं. संपलं, असं मनाशी म्हणत मी टाय सैल केला.

बाईंनी मात्र एक सुस्कारा सोडला. “खरं सांगू? पोचा काढणारा माझ्याकडे पट्टीचा आहे. रंगारीही तसाच. पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. काम बिघडलं, की हा म्हणतो पत्रा त्याने वाकडा ठेवला, तो म्हणतो रंग याने खराब मारला. आधीचे मॅनेजर याच भांडणापायी सोडून गेले. मला तर…”

त्या मध्येच थांबल्या. खालून हसण्याचा आवाज येत होता. साधासुधा नव्हे, माणूस गुडघ्यावर हात ठेवून, दम लागेपर्यंत हसतो तसा.

“हे दोघं हसतायत?” बाई उठून खिडकीशी गेल्या. “एकत्र?”

त्या धावतच खाली गेल्या, आणि मुलाखत चालू आहे की संपली हे न कळल्यामुळे मीही मागोमाग गेलो.

वॉचमनने गाडी दुरुस्तीला आलेली समजून सरळ आत घेतली होती. पोचे ठोकणारा आणि रंगारी तिच्याभोवती फिरत होते. ठोकणारा डोळे पुसत म्हणत होता, “नाही रे बाबा, हा रंग तुझा नाही. एवढं वाईट तुला जमायचंच नाही!”

“आणि हा पोचा तुझा नाही,” रंगारी म्हणाला. “हा तर… हा प्रवासाला निघालाय!” आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा सुरू. बाजूला सेक्रेटरी फाईल उघडून गाडीत कांदे कसे ठेवले होते ते सांगत होते. कांद्यांचा सल्ला कुणाचा, तेवढं वगळून.

“कुणी केलं हे?” बाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या टायकडे पाहिलं, आणि पुढे झाले. “कुणी नाही,” ते म्हणाले. “गाडी मुळातच अशी आहे. मी घेतली तेव्हापासून.”

ज्या माणसाने आयुष्यात त्या गाडीवर धूळ बसलेलीही कबूल केली नाही, तो तिच्याबद्दल इतकं धडधडीत खोटं बोलत होता. माझ्यासाठी.

“मी केलं,” मी म्हणालो. “गाडी यांची, चांगली होती. पोचा मी हलवला, रंग मी मारला, वास मी वाढवला. सीट माझ्या हॉलमध्ये आहे आणि तिथून निघत नाही. या साहेबांची स्कूटरही मीच रंगवली, पण ती चुकून. तुमच्याकडे यायची तयारी करत होतो.”

ठोकणाऱ्याने रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगाऱ्याने जमिनीकडे.

“पुन्हा म्हणा,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“पहिले दोन शब्द.”

“मी केलं.”

“हे दोन शब्द या छपराखाली आजवर कुणी उच्चारलेले नाहीत,” बाई त्या दोघांकडे बघत म्हणाल्या. “कुणीही नाही. मीसुद्धा नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “कधीपासून येता?”

मला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. सासऱ्यांना लागला नाही. “उद्यापासून येतील,” ते म्हणाले.

“शाखा बंद झाल्यावर,” मी घाईने म्हणालो. “महिनाअखेर.”

“चालेल. पण एक अट आहे. पहिल्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. माणसांशी बोला. गाडीशी नाही.”

गाडी त्यांनी ठेवून घेतली. ठोकणारा आणि रंगारी त्याच संध्याकाळपासून तिच्यामागे लागले, आणि कामावरून भांडले, म्हणजे निदान बोलले. सेक्रेटरींचा मात्र पेच झाला: गाडी बाहेर गेली होती, पण परत आली नव्हती. भंगार म्हणावं तर ती पार्किंगमध्येही नव्हती. घरी जाताना टॅक्सीत त्यांनी सगळी फाईल चाळली. अशा परिस्थितीसाठी नियम सापडला नाही, आणि ते अतिशय अस्वस्थ झाले. सासऱ्यांनी त्यांना खिडकीकडची जागा दिली.

बायकोने बातमी ऐकली, मला पायरीपायरीने सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि मग इतकी हसली, की तिला हॉलमधल्या त्या सीटवरच बसावं लागलं.

महिनाअखेर मी कामावर रुजू झालो. ठोकणाऱ्याने खुर्ची पुसून दिली. रंगारी पुढे आला, तोंडभर हसला, “या साहेब, या,” म्हणाला आणि हसता हसता रंगाचा फवारा हळूच पाठीमागे लपवला.